बी. काकी, जपान

माझा उगमांक जाहीर झाला त्या सकाळी प्रयोगशाळेत साठ बटाटेवडे आले होते. आम्ही माणसं अकरा. उरलेले वडे पाहुण्यांसाठी, दोन पत्रकारांसाठी आणि हार घेऊन येणार याची मला खात्री होती त्या नगराध्यक्षांसाठी. मी नवी साडी नेसले होते. "कशाला एवढं?" असं दोनदा म्हणूनही झालं होतं, म्हणजे कोणी विचारलं तर मी नको म्हणत होते असं सांगता यावं.

बरोबर अकरा वाजता पडद्यावर आकडा उमटला. शून्य पूर्णांक चार.

"दशांशचिन्ह चुकलंय," मी म्हणाले.

नझीर खतीब काहीच बोलला नाही. नझीर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला आकडेवारीचा माणूस, गेली सोळा वर्षं माझ्याबरोबर आहे. तो गप्प बसला म्हणजे आकडा बरोबर असतो. त्याने हळूच वड्यांचं पातेलं माझ्या नजरेआड सरकवलं.

आता मी कोण ते सांगते. मी डॉ. रेवती आरवाडे. मूळची सांगलीची. नोकरीनिमित्त दोन हजार सोळा साली सावंतवाडीला आले आणि गेली तीस वर्षं इथल्या रानात गोचिडी मोजते आहे. लग्नाच्या बाजारात हे वाक्य फारसं चाललं नाही, पण विज्ञानात बरं चाललं. मी ज्या आजारावर काम केलं त्याला इथे रानताप म्हणतात. माकडतापाचा तो चुलतभाऊ. राळ्याच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्लं सुक्या पानांत, म्हणजे पातेऱ्यात दडून बसतात. माणसाने पातेरा गोळा करून गोठ्यात अंथरला की अंगावर चढतात, चावतात, आणि आठवड्याने असा ताप येतो की पूर्वी दहातला एक जण उठत नसे. गेल्या वर्षी संपूर्ण जिल्ह्यात रानतापाचे रुग्ण किती? तीन. तिघंही बरे झाले.

ही करामत कोणाची, असं मला कोणी विचारलं असतं तर मी लाजून खाली बघितलं असतं. खाली बघण्याची तयारीसुद्धा होती.

पूर्वी शास्त्रज्ञाची किंमत सोप्या पद्धतीने करत. तुमच्या लेखाचा उल्लेख किती जणांनी आपल्या लेखात केला, ते मोजायचं. मग लोक काय करू लागले? तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो. एक गृहस्थ तर दर लेखात स्वतःच्याच बावीस लेखांचे दाखले देत. अशा हिशेबात मीही काही वाईट नव्हते. नऊ हजार उल्लेख होते माझे, आणि ते मला पाठ होते.

मग 'उगम' आलं. हे यंत्र उल्लेख मोजत नाही. ते जगातले सगळे शोधनिबंध, अहवाल, दवाखान्यांच्या नोंदी वाचतं आणि मागे मागे चालत जातं, ओढ्याच्या काठाने उगमाकडे जावं तसं. एखाद्या गावात ताप आला नाही, तर का आला नाही? फवाऱ्यामुळे. फवारा कुठून आला? गोचिडीच्या कातडीवर एक मेणासारखा थर असतो, तो गेला की ती सुकून मरते, या शोधातून. तो शोध कुठून? उन्हात गोचिडी किती वेळ जगतात या मोजणीतून. मग उगम दर पायरीला एकच प्रश्न विचारतं: हे एक वाक्य लिहिलं गेलं नसतं, तर पुढचं सगळं किती दिवस लांबलं असतं? त्या लांबलेल्या दिवसांत किती माणसं तापाने फणफणली असती? एका आजारातले असे वाचलेले सगळे दिवस मिळून शंभर धरायचे आणि प्रत्येकाला त्याचा वाटा द्यायचा. हा उगमांक. त्यात ओळखपाळख चालत नाही.

मला ही कल्पना इतकी आवडली होती की तिच्या बाजूने मी वर्तमानपत्रात लेख लिहिला होता. तो नझीरने काचेत लावून ठेवला होता. त्या दिवशी दुपारी मी तो काढून टेबलाच्या खणात ठेवला.

"मॅडम," नझीर शेवटी म्हणाला, "पहिल्या नंबरवर कोण आहे बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. स्वतःच्या नावापलीकडे कोण बघतो?

पहिलं नाव होतं: बी. काकी. उगमांक एकसष्ट. देश: बहुधा जपान.

दुसरं नाव उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकांचं होतं, उगमांक नऊ. भले गृहस्थ आहेत. त्यांच्या संस्थेत जंगल फक्त कॅलेंडरवर आहे.

"जपानमध्ये रानताप नाही," मी म्हणाले. "हा काकी कोण? मी तीस वर्षांत नाव ऐकलं नाही."

नझीरने यंत्राचं स्पष्टीकरण उघडलं. पाऊलवाट मागे मागे जात होती आणि सोळा सालच्या माझ्याच पहिल्या शोधनिबंधात येऊन थांबत होती. त्यात एक वाक्य होतं: 'स्थानिक पद्धतीनुसार पातेरा वापरण्यापूर्वी तीन दिवस उन्हात पसरून ठेवल्यास ताप येत नाही.' आणि पुढे कंसात: बी. काकी, व्यक्तिगत संवाद.

मला घाम फुटला आणि त्याच क्षणी हसूही आलं.

भागीकाकी! आंबेरेवाडीच्या भागीकाकी. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. निबंध बाहेरच्या एका नियतकालिकाला पाठवला तर संपादकांनी कळवलं, ही माहिती कुठून मिळाली त्या व्यक्तीचं नाव आणि आडनाव द्या. नाव भागी. आडनाव? सगळी वाडी त्यांना काकी म्हणायची, मीही काकीच म्हणत होते. मुदत दुसऱ्या दिवशीची. मी ठोकून दिलं: भागी काकी. संपादकांनी भागीचं बी. केलं आणि काकी हे आडनाव धरलं. पुढे तीस वर्षं जगभरचे लोक माझा निबंध वाचून श्री. काकींचं मत विचारात घेत राहिले.

"आणि हे वाचा," नझीर म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू झाला होता.

यंत्राने माझ्याबद्दल लिहिलं होतं: 'काकी यांचं निरीक्षण उपलब्ध झाल्यानंतर आरवाडे यांनी केलेलं काम, आरवाडे नसत्या तर, अन्य कोणीतरी साधारण चौदा महिन्यांत केलं असतं.'

चौदा महिने. तीस वर्षांचे चौदा महिने झाले. मी त्या दिवशी चार वडे खाल्ले.

नुसत्या मानाचा प्रश्न असता तर मी चार दिवस रुसून गप्प बसले असते. पण सरकार गोचीडतापांचं एक मोठं केंद्र उभारणार होतं आणि आमची छोटी प्रयोगशाळा मार्चअखेर बंद करून त्यात विलीन करणार होतं. केंद्र कुठे होणार ते उगमांकावर ठरायचं होतं. मी पहिली आले तर केंद्र इथे, रानाच्या तोंडाशी. नाही तर अकरा जणांची पांगापांग, गोचिडींच्या सव्वीस पिढ्या जपलेल्या बाटल्या गरम पाण्यात, आणि मी सांगलीला भावाच्या गच्चीवर पापड राखत.

दुसऱ्या दिवशी समितीचे सचिव गोविलकर पडद्यावर आले. मिश्यांवरही ताण दिसणारा माणूस.

"डॉक्टर, आम्ही जपानला पत्र पाठवलं होतं. ओसाकामध्ये एक बी. काकी सापडले. दातांचे डॉक्टर आहेत. त्यांनी अत्यंत नम्रपणे कळवलंय की आपण आयुष्यात गोचीड पाहिलेली नाही, पण सन्मान देणारच असाल तर नाही म्हणणं उद्धटपणाचं ठरेल."

"मग?"

"मग हे नाव बेवारस धरायचं. पंधरा दिवस हरकतीला आहेत. तुमच्याच निबंधातला उल्लेख आहे, तेव्हा तुम्ही हरकत घेतली तर संपलं. अर्जात तिसरा पर्याय बघा: 'सदर उल्लेख केवळ सौजन्यापोटी करण्यात आला होता.' त्यावर खूण करा. एकसष्ट तुमच्याकडे येतील." त्यांनी घसा साफ केला. "तुम्हाला म्हणून सांगतो, इकडे सगळे तुमच्या हरकतीची वाटच बघतायत."

पडदा काळा झाल्यावर नझीर म्हणाला, "मॅडम, एक खूण. फक्त एक."

"ते खोटं आहे, नझीर."

"थोडंसं खोटं. मोजणी तर तुम्हीच केली ना? चार हजार गोचिडी, एकेक करून, उन्हात बसून. काकींनी काय केलं? एक वाक्य बोलल्या."

मला हेच ऐकायचं होतं. पुढचे नऊ दिवस मी स्वतःला हेच ऐकवत राहिले. आंघोळ करताना, भाजी निवडताना, गाडी चालवताना. एक वाक्य तर कोणीही बोलतं. गावात हजार समजुती असतात, त्यातली खरी कोणती ते शोधायला माणूस लागतं. तीन दिवस म्हणजे बहात्तर तास, सावलीत चालत नाही, दमट हवेत पाचवा दिवस लागतो, हे सगळं कोणी शोधलं? मी. मला काकींचा रागसुद्धा आला. खरंच आला. आंबेरेवाडी इथून चाळीस मिनिटांवर आहे आणि मी तिथे बारा वर्षांत गेले नव्हते, याचाही राग मी त्यांच्याच खात्यावर टाकला.

दहाव्या दिवशी गेले. खातरजमा करायला, असं मी नझीरला सांगितलं. खरं म्हणजे काकींना काही आठवत नसेल, अशी मला आशा होती.

काकी घरामागच्या अंगणात, म्हणजे खळ्यात होत्या. वय चौऱ्याऐंशी, कमरेत वाकलेल्या, हातात काठी. काठीने त्या पातेरा पसरत होत्या आणि सहा-सात कोंबड्या त्यांच्या मागून तो उसकटत होत्या. अंगणाच्या कोपऱ्यात आमच्याच प्रयोगशाळेने लावलेला खांब उभा होता. पातेऱ्यातला ओलावा मोजून तो सगळ्या वाडीच्या फोनवर धोक्याची सूचना पाठवतो. काकींनी त्याला दोरी बांधून त्यावर लुगडं वाळत घातलं होतं.

"कोण गो? रेवती? ये, ये. बस. बारा वर्सां झाली मां तुका येवन. केस पिकले गो तुझे."

"तुम्हाला आठवते मी?"

"न आठवाक काय झालां? ऊन डोक्यार घेवन गोचिडी मोजी ती. आमका वाटलां, चेडवाक काय तरी लागीर झाला." त्या हसल्या. दात दोनच होते, पण हसणं पुरेपूर होतं. मग काठीने खांब दाखवला. "ह्यो तुझो खांबो रोज बोंबलता, पातेरो ओलो आसा म्हणान. माका काय डोळे नाय?"

सुनेने चहा आणला. मी सगळं सांगितलं. यंत्र, आकडा, जपान, ओसाकाचे दातांचे डॉक्टर. जपानपाशी काकींना हसण्याचा असा ठसका लागला की सून पाणी घेऊन धावली.

"माका जपानाक धाडल्यानी? आणि तां पण बाप्यो करून?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बरां, मगे तुझा काय जाता?"

"तुमचं नाव राहिलं तर आमची प्रयोगशाळा बंद होते. माझं नाव लागलं तर राहते."

काकींनी एक क्षणही दवडला नाही. "मगे तुझा लाव गो. घे. पातेरो काय कोणाच्या बापाशीचो आसा? माका ह्या वयात नाव घेवन काय कराचा?"

माझ्या मनावरचा केवढा तरी भार उतरला. मी त्यांच्या पाया पडले, सुनेने दिलेली आमसुलांची पुडी घेतली आणि जवळजवळ नाचत गाडीत येऊन बसले. आता खोटंही नव्हतं. परवानगी होती. आशीर्वाद होता. तिथेच रस्त्याकडेला गाडीत बसून मी फोनवर अर्ज उघडला आणि तिसऱ्या पर्यायावर खूण केली.

अर्जाने विचारलं: 'मूळ नोंदीचं पान जोडा.'

वही मी बरोबर आणली होती. सोळा सालची क्षेत्रनोंदवही, निळ्या पुठ्ठ्याची. यंत्राने जगातले सगळे निबंध वाचले होते, पण ही वही नाही. ती मराठीत होती, माझ्या अक्षरात, आणि कपाटात होती. मी पान काढलं. चौदा फेब्रुवारी. काकींचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं होतं: 'पातेरो हाडलंस काय पयलो खळ्यात पसर. कोंबड्यो उसकटतत. तीन दिस ऊन खावंदे, मगे गोठ्यात घाल. ताप पातेऱ्यात निजता, ऊन लागला काय मरता.'

त्याखाली त्या दिवशीच्या कामांची यादी होती. मला सवय आहे, काम झालं की पुढे बरोबरची खूण करायची. बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे, खूण. बर्फ आणणे, खूण. सांगलीला फोन, खूण. आणि सगळ्यांत शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: 'काकींचं पूर्ण नाव विचारणे.'

त्यापुढे खूण नव्हती.

मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. मला रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, दुसरं काही कारण नव्हतं. तीस वर्षांत चार हजार गोचिडींना मी एकेक क्रमांक दिला होता. ज्या बाईच्या एका वाक्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं, तिला मी तिचं नाव विचारलं नव्हतं. आणि आता त्या न विचारलेल्या नावाचा फायदा घेऊन मी ते पुसायला निघाले होते.

मी अर्ज रद्द केला आणि परत खळ्यात गेले.

"काय गो? चष्मो इसारलंस?"

"काकी, तुमचं नाव काय?"

काकींनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक माझे डोळे त्यांना दिसले असावेत. त्या काठी टेकून पायरीवर बसल्या.

"खयचा नाव?"

"म्हणजे?"

"घोवाकडचा काय म्हायारचा? भागीरथी ह्यांनी ठेवल्यानी, लग्नात. ताटात तांदूळ पसरून आंगठेन लिवल्यानी. भागीरथी यशवंत धुरी. रेशनकार्डार तांच आसा."

"तेच लिहिते."

"नको." आवाज एकदम वेगळा झाला. "रव. पातेऱ्याचा ह्या हयला नाय. मी लग्न होवन इलंय तेवा हय कोण पातेरो सुकवी नाय. सासू माका हसा. 'सुनेक काय खुळ लागला, पानांक ऊन दाखयता.' माका आवशीन शिकवलेला तां. मगे तिच्या चेडवाचा नाव लिव." त्या जराशा ताठ बसल्या. "शेवंती. शेवंती सोनू परब. दुसरी पास. मास्तर हजेरेक तसो हाक मारी. मगे लगीन झाला, तेका सहासष्ट वर्सां झाली, कोणी मारूक नाय."

मी वहीत आईच्या लेकीचं, माहेरचं नाव लिहिलं. शेवंती सोनू परब. आणि त्या जुन्या कामापुढे खूण केली.

ओळख पटवण्याचा नवा अर्ज आम्ही पायरीवर बसूनच भरला. शिक्षण: दुसरी. संस्था: नाही. कार्यस्थळ? मी विचारात पडले. काकींनी काठीने जमिनीवर ठोकलं. "ह्यांच. खळां." मी लिहिलं: घरामागचं खळं, आंबेरेवाडी. शेवटचा रकाना होता: ही माहिती आपणास कोणाकडून मिळाली? काकी म्हणाल्या, "आवस. आणि तिच्या आधी कोंबड्यो." मी दोन्ही लिहिलं. कोंबड्यांची नोंद यंत्राने नंतर अमान्य केली. आईचा वाटा, ती हयात नसल्याने, लेकीकडेच राहिला.

वहीचं पान जोडून मी अर्ज पाठवला. मग प्रयोगशाळेत येऊन बाकीच्या दहा जणांना खरं काय ते सांगितलं. कोणी मला बोल लावला नाही. ते फार वाईट होतं. नझीरने मार्चच्या हिशेबाने खोकी मागवली.

तीन दिवसांनी उगमने नवे आकडे काढले. शेवंती सोनू परब, एकोणपन्नास. आरवाडे, बारा पूर्णांक चार. वही वाचल्यावर यंत्राला कळलं होतं की हे काकी स्वतःहून निबंध लिहिणारे कोणी शास्त्रज्ञ नव्हेत. खळ्यात जाऊन कोणी विचारलंच नसतं तर ते वाक्य खळ्यातच राहिलं असतं. माझ्या मोजणीला त्याने अजूनही चौदाच महिने दिले होते. बाकी सगळं, विचारायला गेले याचं.

तरी मी दुसरीच होते, आणि दुसरीला केंद्र नव्हतं. आम्ही खोकी भरत होतो तेव्हा फोन वाजला. गोविलकर.

"डॉक्टर," ते फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "आंबेरेवाडीला रस्ता आहे का?"

"आहे. शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा. का?"

"नियम क्रमांक चार. 'केंद्र हे सर्वाधिक उगमांक असलेल्या संशोधकाच्या कार्यस्थळी स्थापन करण्यात येईल.' त्यात संशोधकाची पदवी लागेल असं कुठेच लिहिलेलं नाही. तो नियम लिहिणारा मीच होतो." कागद उलटल्याचा आवाज आला. "बदल करायचा तर नव्याने मंजुरी, म्हणजे दोन वर्षं. साहेब म्हणाले, खळं तर खळं."

मी फोन ठेवला आणि नझीरकडे बघितलं. तो हातात गोचिडींची बाटली घेऊन, ती कुठल्या खोक्यात ठेवावी या विचारात उभा होता.

"ती परत फडताळात ठेव," मी म्हणाले. त्या दिवशी आम्ही पुन्हा बटाटेवडे मागवले. या वेळी नेमके बावीस.

प्रत्यक्ष खळं काही कोणी घेतलं नाही. काकींनी ते देणारच नाही म्हणून सांगितलं, कोंबड्यांनी जावं कुठे? त्याला लागून असलेल्या गावठाणाच्या माळावर इमारत उभी राहिली. तिची प्रत्येक योजना आधी खळ्यात जाते. काकी ऐकून घेतात आणि एक-दोन प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात हैदराबादहून आलेला एक तरणाबांड संशोधक त्यांतल्या दुसऱ्या प्रश्नावर अडकून पडला, आणि बाहेर येऊन त्याने सगळ्यांत आधी वहीत काहीतरी लिहिलं. मी डोकावून बघितलं. त्याने नाव लिहिलं होतं, पूर्ण.

उद्घाटनाला मांडव गच्च भरला होता. मंत्री होते, नगराध्यक्ष या वेळी खरोखरच हार घेऊन आले होते, ओसाकाहून दातांच्या डॉक्टरांचं शुभेच्छापत्र आलं होतं. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. फीत कापायची वेळ झाली तेव्हा मी कागद बाजूला ठेवला आणि नाव पुकारलं.

"शेवंती सोनू परब!"

कोणीच उठलं नाही. वाडीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. ही कोण? आपल्यात परब तर कोणी नाही. काकींची सूनसुद्धा मान वळवून बघत होती. मंत्र्यांनी घड्याळाकडे नजर टाकली. मी पुन्हा पुकारलं, या वेळी जरा सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून, शाळेत मास्तर पुकारतात तसं.

मांडवाच्या मागच्या रांगेत एक काठी वर झाली. वाकलेली एक म्हातारी, जमेल तेवढी ताठ होत, उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"हजर!"